मुद्दाम केलेल्या चुका

८ जानेवारी

नव्या मॅडमनी आज मला एक कोरी प्रयोगवही दिली. म्हणाल्या, "मामा, मुलांना मी रोजचं स्वनिरीक्षण लिहायला लावते. तुम्ही तेवढे का सुटायचे? मार्चअखेर निवृत्त होताय. हे तीन महिने लिहून काढा. कुणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही."

मी म्हटलं, "मॅडम, सातवीनंतर मी पेन्सिल फक्त कानावर ठेवलीय."

"मग आता खाली उतरवा," म्हणाल्या.

तर उतरवली. मी मूळचा सुतार. या शाळेच्या मानसशास्त्राच्या खोलीचा शिपाई होऊन एकतीस वर्षं झाली. जिना चढलं की डावीकडची शेवटची खोली. दोन लांब टेबलं, चौदा स्टुलं, काचेचं कपाट. कपाटात स्टॉपवॉच, कार्डांचे गठ्ठे आणि माझ्या हातच्या सात आरशांच्या पेट्या. त्या पेट्यांपायी शाळेत मला कुणी नावानं हाक मारत नाही. आरसेमामा. हेडसरसुद्धा तेच म्हणतात, आणि एकदा पगारपत्रकावरही तेच छापून आलं होतं.

प्रयोगवहीत एक पान रेघांचं असतं आणि एक कोरं. रेघांवर मजकूर, कोऱ्यावर आलेख. मी रेघांवर लिहीन. कोऱ्या पानांवर मी काय काढणार, कपाळ?

१२ जानेवारी

हेडसर वर आले. ते जिना चढून आले म्हणजे बातमी वाईट, चांगल्या बातमीला ते खाली बोलावतात.

या वर्षी वर्गात तेरा मुलं आहेत. शाळेच्या समितीचं म्हणणं, एवढ्याशा मुलांसाठी एक खोली आणि एक शिक्षिका परवडत नाही. दहावीची मुलं पुढचे विषय निवडतात, त्यात अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत वीस जणांनी मानसशास्त्र लिहिलं तर विषय राहील. नाहीतर बंद, आणि खोलीत जुनी बाकं ठेवणार.

मॅडम आल्याला वर्ष झालेलं नाही. त्या आधी थोरल्या बाई होत्या. त्यांनी हा विषय सुरू केला, तीस वर्षं चालवला, आणि गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सोडला. मॅडमना वाटतंय, त्यांच्या पायगुणानं विषय बुडतोय. हेडसर गेल्यावर त्या बराच वेळ कपाटाच्या काचेत बघत होत्या. मग म्हणाल्या, "मामा, आपण प्रदर्शन भरवू. दहावीची मुलं, पालक, समिती, सगळ्यांना बोलावू. या खोलीत काय चालतं ते लोकांना कळतच नाही."

मी म्हटलं, "मला तरी कुठं कळतं."

हसल्या बिचाऱ्या. तेवढंच.

१५ जानेवारी

आज आरशाचा प्रयोग होता. हा माझा प्रयोग.

एका कागदावर दुहेरी रेघांची चांदणी छापलेली असते. त्या दोन रेघांमधल्या वाटेनं पेन्सिल फिरवून चांदणी पुरी करायची. सोपं आहे, पण चांदणीकडे थेट बघायचं नाही. हातावर फळीचा आडोसा असतो, समोर आरसा उभा. आरशात बघून काढायचं. मग वर जायचं तर हात खाली जातो, डावीकडे जायचं तर उजवीकडे. भल्याभल्यांना घाम फुटतो. पेन्सिल रेघेबाहेर गेली की एक चूक. असं दहा वेळा काढायचं. दर वेळी चुका कमी होत जातात, त्यांचा आलेख काढला की घसरगुंडीसारखा उतरतो. माणूस कसा शिकतो ते त्यात दिसतं.

प्रयोग जोडीनं होतो. एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो गिनिपिग. तेरा मुलांच्या सहा जोड्या झाल्या आणि एक मुलगी उरली. जाड चष्म्याची आहे, वर्गात तिचा आवाज मी ऐकलेला नाही. उरलेल्या मुलाचा प्रयुक्त मी. ही इथली जुनी रीत. कोपऱ्यातल्या टेबलावर माझी सगळ्यात पहिली पेटी असते, तिच्यावर आम्ही बसतो.

पहिल्या खेपेला वीस चुका करायच्या ठरवल्या होत्या. सव्वीस झाल्या. जुन्या आरशाचा पारा उडालाय, त्याचं असणार. चौथ्या खेपेला अकरा ठरवल्या, सोळा झाल्या. नवा आरसा बसवायला हवा.

पाचव्या खेपेला मुलगी एकदम म्हणाली, "आमच्या घरी सध्या कुणी कुणाशी बोलत नाही." फळीचा आडोसा असल्यामुळे तिला माझा चेहरा दिसत नव्हता, मला तिचा. मी म्हटलं, "हं." मग ती दहाव्या खेपेपर्यंत बोलतच होती. स्टॉपवॉच दोनदा बंद करायचं विसरली.

जाताना म्हणाली, "मामा, तुमचा हात थरथरतोय."

म्हटलं, आरशात तसंच दिसतं.

१९ जानेवारी

तास नव्हता. पेट्या पुसत बसलो आणि पहिली पेटी हातात आली तसं मन मागे गेलं.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. बाकं दुरुस्त करायला या शाळेत आलो होतो, चार दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी एक बाई रंधा चाललेला बघत उभ्या राहिल्या. किडकिडीत, केसांत पेन खोचलेलं. म्हणाल्या, "हे चित्र बघून एक पेटी कराल?" पुस्तकातलं चित्र होतं, त्यात मापं नव्हती. मी विचारलं, कशाला हवी? म्हणाल्या, "माणसाचं मन बघायला." मला वाटलं, बाईंचं बिघडलंय.

पेटी झाली. बाईंनी मलाच समोर बसवलं, हातात पेन्सिल दिली आणि घड्याळ धरलं. लाकडावर केसाएवढी रेघ चुकत नसे माझी, पण त्या चांदणीनं मला रडवलं. पेन्सिल जागच्या जागी वेडीवाकडी नाचायची. चार मिनिटं दहा सेकंद, आणि त्रेचाळीस चुका. मी पेन्सिल आपटली. म्हटलं, पेटीत खोट आहे.

बाई म्हणाल्या, "पेटी उत्तम आहे. तुम्हीही उत्तम आहात. तुमच्या हाताला आता सगळं नव्यानं शिकायचंय, एवढंच." आणि त्रेचाळीस हा आकडा आपल्या वहीत लिहून घेतला. चुकलेल्या माणसाला कुणी उत्तम म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होतो. घरी वडील होते, धंद्यात मालक होता, दोघांचीही भाषा वेगळी होती.

थोरल्या बाईंनीच हेडसरांच्या मागे लागून मला नोकरी लावली. चार दिवसांसाठी आलो होतो.

आज सकाळी कुलपात किल्ली जाता जाईना. कुलपाला तेल दिलं.

२४ जानेवारी

ही वही कुणी वाचणार नाही असं मॅडम म्हणाल्यात, त्या भरवशावर एक गोष्ट लिहितो. एकतीस वर्षांत घरी बायकोशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

पहिल्या वर्षी सगळ्या पेट्या मी केल्या आणि एकेक नीट चालते का ते बघायला दहा-दहा वेळा चांदण्या काढल्या. हात असा बसला की डोळे मिटूनही चूक होईना. पुढं मुलांचे प्रयोग सुरू झाले. एक मुलगी उरली, तोतरी होती, तिला कुणी जोडीला घेईना. बाईंनी तिला माझ्याकडे धाडलं. मी ऐटीत चांदणी काढली. शून्य चुका. पुन्हा शून्य. दहाही वेळा शून्य. कसला आलेख उतरणार? सरळ आडवी रेघ. बाहेरचे परीक्षक येणार होते. मुलगी कोपऱ्यात बसून रडायला लागली.

मी म्हटलं, "थांब पोरी, मघाशी माझं लक्ष नव्हतं. पुन्हा घे." आणि पुन्हा काढताना मुद्दाम चुकलो. आधी वीस, मग सतरा, मग चौदा. आलेख असा सुरेख उतरला की तिनं तो दहा वेळा पाहिला. ती घड्याळ धरायची आणि अडखळत काहीबाही सांगायची. मला बोलायला वेळ नव्हता, चुका मोजायच्या होत्या ना. मी आपला हं हं करायचो.

तिथून सुरू झालं. दरवर्षी एक मूल उरायचंच. मग मी चुकायचो. वडील गेलेला एक होता, वर्षभर मान खाली घालून बसायचा. एक नव्यानं शाळेत आलेली. एक जण एवढा हुशार की त्याच्याशी कुणाला बोलावंसं वाटत नसे. सगळे आठवतात, नावं नाही, आवाज. पेटीच्या पलीकडून येणारे. दहा खेपा संपल्या तरी काही जण उठत नसत. मला कळायचं नाही, प्रयोग संपल्यावर माणूस कशाला बसून राहतो.

हे सगळं खोटं होतं का? होतंच. पण कुणाचं काय बिघडलं, असं आजवर वाटत आलं.

३० जानेवारी

बिघडलं.

मॅडमना जिन्याखालच्या पेटाऱ्यात जुन्या प्रयोगवह्या सापडल्या. थोरल्या बाईंनी एकही टाकून दिली नव्हती. मॅडम धुळीनं माखून वर आल्या, डोळे लुकलुकत होते. "मामा! दरवर्षीच्या एका वहीत प्रयुक्त म्हणून तुम्ही आहात! पुरुष, शिक्षण सातवी, व्यवसाय परिचर. तीस वर्षं, एकच माणूस, एकच प्रयोग! असं कुणाकडे असतं का?"

मी म्हटलं, "नसेल."

"आणि गंमत बघा, दरवर्षी वर्गात एक जण उरलाच आहे. केवढा योगायोग!"

मी म्हटलं, नशीब एकेकाचं. आणि झाडू घेऊन बाहेर आलो. व्हरांडा झाडलेलाच होता, पुन्हा झाडला.

४ फेब्रुवारी

मॅडमनी एका लांबलचक कागदावर तीसही वर्षांचा आलेख काढलाय. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दरवर्षी चुका विसावर सुरू होतात, उतरत उतरत दोन-तीनवर येतात, आणि पुढच्या वर्षी परत वीस. बघितल्याबरोबर मला करवतीचे दात दिसले.

मॅडमना त्यात वेगळंच दिसलं. म्हणाल्या, "मधल्या काळात हात सगळं विसरतो, मामा. आणि दरवर्षी तुम्ही तितक्याच चिकाटीनं पुन्हा शिकता. तीस वेळा! लोकांना मी हेच दाखवणार." वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'माणूस पुन्हा पुन्हा शिकतो'. समितीचे अध्यक्ष येणार आहेत. प्रदर्शनात बाकी आहे काय? कार्डं आणि घड्याळं. सगळी मदार या कागदावर आहे.

एक पोरगी रडू नये म्हणून केलेली लबाडी आता भिंतभर पसरली आहे. सांगितलं तर प्रदर्शन कोसळतं, विषय जातो, खोलीत बाकं येतात. नाही सांगितलं तर ही भली बाई चार लोकांत खोटं बोलणार, आणि तेही माझ्या भरवशावर.

९ फेब्रुवारी

घरी येरझाऱ्या घालत होतो. ही म्हणाली, "सांगून टाका नाहीतर गिळून टाका. पण माझी फरशी झिजवू नका."

मी म्हटलं, "विषय बंद पडेल गं."

"तुम्ही निवृत्तच होताय की."

"मी होतोय. खोली कुठं होतेय?"

ती उठून आत गेली. चहा दिला. हल्ली मला अर्धाच कप भरून देते. म्हातारपणी कंजूस झाली आहे. मुलीचाही फोन होता, डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली आहे. धडधाकट माणसाला डॉक्टर कशाला? दोघी मायलेकी एक झाल्यात.

१२ फेब्रुवारी

थोरल्या बाईंना आमंत्रण द्यायला त्यांच्या घरी गेलो. भाचीकडे राहतात, खिडकीजवळची खोली. केसांत पेन अजून आहे, केस तेवढे राहिले नाहीत. मला बघून म्हणाल्या, "या, उत्तम माणूस."

ठरवून गेलो होतो, आधी बाईंना सांगायचं. पण त्यांनी खोलीची एकेक वस्तू विचारायला सुरुवात केली. तिसऱ्या स्टुलाचा पाय? खिडकीची कडी? निळं घड्याळ पुढं धावतं का अजून? उत्तरं देता देता सांगायचं राहिलं.

मग विचारलं, "यंदा वर्गात किती?"

"तेरा."

"बरं आहे. नव्या बाईंना कुणाला उरवावं लागलं नाही," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत हसल्या.

वय झालं, काहीतरी बोलतात. निघताना माझा हात हातात धरून बसल्या होत्या, बराच वेळ. बघत होत्या.

१७ फेब्रुवारी

सांगितलं.

मॅडम कागदाला चौकट करून देता का विचारत होत्या. पट्टीवर माप घेतलं आणि म्हटलं, "मॅडम, याला चौकट करू नका. हे खोटं आहे." मग सगळं एका दमात सांगितलं. तोतरी मुलगी, वीस, सतरा, चौदा, सगळं.

त्या स्टुलावर बसल्या. "किती वर्षं?"

"सगळी."

"यंदाच्या मुलीचंही?"

"हो."

"मी तुमच्यासमोर तीन आठवडे हे रंगवत होते, मामा. तुम्ही मला खडू आणून देत होतात."

त्या उठून गेल्या. घंटा झाली, मुलं आली, तास झाला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. एकतीस वर्षांत या खोलीत मला पहिल्यांदा परक्यासारखं वाटलं.

१८ फेब्रुवारी

मॅडम बोलल्या नाहीत. आलेख भिंतीवर तसाच आहे. त्याच्याकडे पाठ करून पेट्या पुसल्या.

१९ फेब्रुवारी

सकाळी आलो तर मॅडम शिडीवर. वरचं शीर्षक फाडून टाकलं होतं आणि नवं लिहीत होत्या. 'हा माणूस तीस वर्षं मुद्दाम चुकला. का?'

मी म्हटलं, "मॅडम, माझी अब्रू..."

"दोन दिवस मी तुमच्यावर चिडले होते," त्या शिडीवरूनच म्हणाल्या. "मग चिडून चिडून कंटाळले आणि विचार केला. आपल्यावर कुणी प्रयोग करतंय म्हटल्यावर माणूस समोरच्याला काय हवंय ते ओळखतो आणि तेच करतो. पुस्तकात यावर आख्खा धडा आहे. मी तो मुलांना तोंडपाठ शिकवते, आणि भिंतीवर तोच धडा टांगून ठेवला तरी मला वाचता आला नाही. आता उद्या तुम्ही इथं उभं राहायचं आणि लोकांना सांगायचं."

"मी? समितीसमोर?"

"खडू मी आणून देईन," म्हणाल्या.

राग पुरता गेलेला नाही. पण शिडी धरायला सांगितली. धरली.

२० फेब्रुवारी

घरी येऊन सरळ वही उघडली आहे. सगळं क्रमानं लिहितो.

गर्दी चांगली होती. दहावीची सगळी मुलं, पालक, समितीचे अध्यक्ष, हेडसर. कार्डांपाशी कुणी थांबेना, पण आलेखापाशी येऊन जो तो वरचं वाचायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी सांगायला लागलो. आधी जीभ टाळ्याला चिकटली होती, तोतऱ्या मुलीपर्यंत आलो तशी सुटली. लोक हसले, मग गप्प झाले. एका आईनं डोळे पुसले, का ते कळलं नाही. मी काही रडण्यासारखं सांगत नव्हतो.

तेवढ्यात काठी टेकत थोरल्या बाई आल्या. जिना चढून! मी पुढं धावलो. त्यांनी वरचं शीर्षक वाचलं, आलेख या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

मी आलेखाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"सायकल यायला लागलेला माणूस सुट्टीत सायकल विसरतो होय? आणि चुका तरी कशा, वीस, सतरा, चौदा, अकरा. प्रत्येक वेळी तीननं कमी. माणूस असा चुकत नाही. सुतार चुकतो, मापात."

लोक हसले, मॅडम तर तोंडावर हात धरून. मी विचारलं, "मग बाई, बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडानं बोलू? मीही तेच करत होते. वर्ग विषम असला तर प्रश्न नव्हता. सम असला की मी एकाला तुमच्याकडे धाडायचे आणि त्याच्या जोडीदाराला माझ्यासमोर घ्यायचे. एक जण उरला म्हणून सांगायचे. तुम्ही कधी डोकी मोजली नाहीत."

खरंच मोजली नाहीत. पण बाईंनी एवढी खटपट कशासाठी केली ते मला अजून उमगलेलं नाही. त्यांनाही आरशासमोर बसायची हौस असणार, एरवी शिक्षकाला कोण बसू देतं. मॅडमना मात्र काहीतरी उमगलं. त्या एकदम वळल्या आणि पेटाऱ्यातल्या तीस वह्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. जाड चष्म्याची मुलगी कोपऱ्यातल्या टेबलापाशी होती, तिच्याकडे बघत होत्या.

मग दहावीतला एक उंच मुलगा ओरडला, "आरसेमामा, आता खरं काढून दाखवा ना!"

मला चेव आला. म्हटलं, "शून्य चुका. बघत राहा." पहिल्या पेटीसमोर बसलो. आरसा नवा बसवलाय. बाईंनी समोरचं स्टूल ओढलं आणि घड्याळ हातात घेतलं, तसंच, अंगठा बटणावर. म्हणाल्या, "सुरू."

पहिला कोपरा बरा गेला. दुसऱ्या कोपऱ्यावर पेन्सिल आपोआप बाहेर पडली. आत आणली, पुन्हा बाहेर. वाट मला पाठ होती. कुठं वळायचं, किती दाबायचं, सगळं ठाऊक होतं. हात ऐकत नव्हता. मी डाव्या हातानं मनगट दाबून धरलं. आरशात दोन हात दिसत होते, दोन्ही थरथरत होते. आरसा नवा होता.

चांदणी पुरी केली. मॅडमनी मोजलं. "अकरा!"

सगळी खोली खदखदून हसली. "मामा, परत मुद्दाम चुकलात!" "जित्याची खोड!" अध्यक्षही हसत होते. मीही हसलो. म्हटलं, "काय करणार, सवय हो." टाळ्या पडल्या. आरशासमोर मुलांची रांग लागली, ती शेवटपर्यंत हटली नाही.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी केसांतलं पेन काढलं, कागदावर आकडा लिहिला आणि माझ्या हातावर हात ठेवला. हळू विचारलं, "यातल्या मुद्दाम किती?"

गर्दीत कुणाला ऐकू गेलं नाही. मी मान हलवली.

"त्रेचाळीसवरून अकरा," म्हणाल्या. "प्रगती आहे."

इथं खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. अकरा चुका झाल्या. एकही मुद्दाम केलेली नव्हती.

२१ फेब्रुवारी

किल्ली, कप, जानेवारीतले सव्वीस. सगळं आज ओळीनं डोळ्यांसमोर आलं. कुलपाला उगाच तेल दिलं. हिला विचारलं, "तू मला अर्धा कप कधीपासून देतेस?" म्हणाली, "चहा सांडून दिवाणावरची चादर तीनदा धुतली तेव्हापासून." मग माझ्या शेजारी येऊन बसली. मुलीला फोन केला, डॉक्टरकडे येतो म्हणून. भीती वाटते. लिहिली की थोडी कमी वाटते.

२८ फेब्रुवारी

चोवीस!

हेडसरांनी खाली बोलावून सांगितलं. मॅडमनी व्हरांड्यात मला मिठीच मारायची बाकी ठेवली.

मी म्हटलं, "चोवीस म्हणजे सम. बारा जोड्या. कुणी उरत नाही."

"कोण म्हणतं?" मॅडम म्हणाल्या. "एकाला मी उरवणार आहे. त्याच्या जोडीदाराला माझ्यासमोर घेईन. तुम्ही बुधवारी येत जा. निवृत्त माणसाला बुधवारी काय काम असतं?"

राहवलं नाही. हात पुढं केला. म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी मी मुद्दाम चुकलो नव्हतो. डॉक्टरांनी औषध दिलंय, पण हे असंच राहणार म्हणाले. आता चुका आपोआप होतात. मी काय कामाचा?"

मॅडमनी हात बघितला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, लपवलं नाही. मग म्हणाल्या, "मग बरंच झालं की मामा. खोट्या चुका मोजत बसायला नकोत. ऐकायला तुम्ही मोकळे."

ऐकायला कशाला, ते विचारायचं राहिलं. बुधवारी येईन म्हणालो.

३१ मार्च

शेवटचा दिवस. सातही पेट्या पुसून कपाटात ठेवल्या. किल्ली मॅडमच्या हातात दिली, कुलूप त्यांनीच लावलं.

थोरल्या बाईंनी भाचीबरोबर एक पाकीट पाठवलं होतं. त्यात त्यांच्या जुन्या वहीतला कागद. माझी पहिली चांदणी. पिवळी पडलीय, पेन्सिलचा गुंता बघून हसू आलं, पेन्सिल आपटली होती त्याची ठिणगीएवढी खूणसुद्धा आहे. खाली बाईंच्या अक्षरात, 'चुका ४३. प्रयुक्त उत्तम.'

या वहीच्या एका कोऱ्या पानावर ती चिकटवली. पुढच्या कोऱ्या पानावर वीस फेब्रुवारीची. मग पट्टी घेतली आणि तिसऱ्या पानावर आलेख काढला. एक ठिपका त्रेचाळीसवर, एक अकरावर. हात हलला, म्हणून ठिपके जरा मोठे आलेत.

मधली तीस वर्षं कोरी सोडली आहेत. ती मुलांच्या वह्यांत आहेत.